फोरमनने स्वतःच काडी का ओढली?

गेल्या लेखात मॅन गल्चच्या आगीचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर बरेच प्रश्न आले. त्यांतले चार घेतो.

तिथे नेमके काय घडले?

५ ऑगस्ट १९४९. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, मिसुरी नदीकाठच्या मॅन गल्च नावाच्या घळीत वीज पडून वणवा लागला होता. तो विझवायला विमानातून १५ स्मोकजंपर, म्हणजे पॅराशूटने उतरणारे अग्निशामक जवान, खाली आले. आधीपासून तिथे झुंजत असलेला एक वनरक्षक त्यांना मिळाला. वायरलेस संचाचे पॅराशूट उघडलेच नाही, त्यामुळे संच फुटला आणि बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला. आग किरकोळ वाटत होती. नदी पाठीशी ठेवून काम करावे म्हणून ते घळीतून खाली निघाले, तर आग घळ ओलांडून त्यांच्या आणि नदीच्या मध्ये आलेली. मागे वळून चढावर पळण्यावाचून मार्ग उरला नाही. गवत कंबरेएवढे आणि वाळून कोळ झालेले. चढावर माणसाची दमछाक होते, आग मात्र चढावरच जास्त वेगाने धावते, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून ठेवतात. १६ पैकी १३ जण गेले. एकाच्या घड्याळाचे काटे सहाला चार मिनिटे कमी असताना उष्णतेने जागीच चिकटले होते.

फोरमनने, म्हणजे पथकप्रमुखाने, आग लावली, तीच जवानांना भोवली असे वाचले. खरे का?

एका मृत जवानाच्या वडिलांनी तसा आरोप केला होता. चौकशी समितीने तो मानला नाही, आणि मलाही तो पटत नाही. फोरमन वॅग डॉज याने ओळखले की पळून सुटका नाही. त्याने काडी ओढून समोरचे गवत पेटवले आणि ते जळून गेल्यावर त्या तापलेल्या राखेत तो पालथा पडला, पाण्यात भिजवलेला रुमाल तोंडावर धरून. मोठी आग आली, तिला जळायला काही मिळाले नाही, ती त्याच्या दोन्ही अंगांनी निघून गेली. तो सोबत्यांना हाका मारत होता, "इकडे या!" कोणीही आले नाही. मागून वणवा येत असताना फोरमन आणखी आग लावतोय, हे पाहून कोण थांबेल? असे करता येते हे त्यांना कोणी शिकवलेच नव्हते. पथकही आयत्या वेळी जमवलेले, फोरमनची पुरती ओळखही नसलेले. दोन तरुण मात्र वरच्या कड्यातल्या फटीतून पलीकडे निसटले आणि वाचले. इतकी वर्षे वाचूनही त्या हाकांपाशी मी अडकतो.

यातून नियम काय बदलले?

बदल हळूहळू झाले, आणि आणखी जीव गेल्यावरच. १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात इनाहाच्या आगीत ११ जण दगावले, तेव्हा १९५७ मध्ये दहा स्थायी आदेश लिहिले गेले: हवामान पाहा, पहारेकरी नेमा, सुटकेची वाट सर्वांना माहीत असू द्या. आगीच्या वागणुकीचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा १९६० मध्ये मिझुला गावी उभी राहिली, जिथून ते स्मोकजंपर उडाले होते तिथेच. तरीही १९९४ मध्ये कोलोरॅडोत १४ जण गेले. डॉजने "अवजारे टाका" म्हटले होते. कोलोरॅडोत मात्र काहींनी अखेरपर्यंत सामान टाकले नाही. म्हणून आता अवजार टाकून पळण्याचाही सराव करून घेतात.

सह्याद्रीत ट्रेकला असताना वणवा आला तर आम्हीही गवत पेटवावे का?

नाही. डॉजने ते उघड्या गवतात, अखेरचा उपाय म्हणून केले. आपल्याकडे झुडपांच्या उतारावर नवी आग आपल्यावरच उलटेल. चढावर पळू नका. आगीच्या बगलेने जळून गेलेल्या मोकळ्या जागेकडे किंवा नांगरलेल्या शेताकडे जा. घसरड्या घळीत शिरू नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि गावात निरोप द्या. आणि निघण्यापूर्वी, चहा पितानाच, सोबत्यांना सांगून ठेवा: धूर दिसला तर कोणत्या वाटेने उतरायचे.