डेटाबेस फुकटातला चालेल का?

प्रश्न : नऱ्ह्यात आमचं छोटं वर्कशॉप आहे, बिलिंग आणि स्टॉकसाठी दोन सर्व्हर, एकावेळी आठ-दहा जण काम करतात. सॉफ्टवेअरवाला म्हणतो डेटाबेसचं लायसन्स विकत घ्या, आकडा ऐकून डोळेच पांढरे झाले. फुकटातलं चालेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : चालेल की! पण आधी त्या सॉफ्टवेअरवाल्याला विचारा की त्याचं सॉफ्टवेअर कशाकशावर चालतं, कारण ते फक्त मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवरच चालत असेल तर पोस्टग्रेस हा फुकटातला डेटाबेस कितीही चांगला असला तरी तुमच्या काय कामाचं. तसं असेल तर त्याचीच एक्सप्रेस आवृत्ती फुकट मिळते, २०२२ च्या व्हर्जनपर्यंत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे, बिलं आणि स्टॉकला ती बरीच वर्षं पुरते, फक्त बिलांचे स्कॅन केलेले फोटो त्यात कोंबू नका. आणि हो, एक्सप्रेसमध्ये एजंट, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप उरकणारा भाग, नसतो, त्यामुळे रोजचा बॅकअप विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून लावावा लागतो, हे बरेच जण सांगतच नाहीत.

नवीन करून घेणार असाल तर मी डोळे झाकून पोस्टग्रेस म्हणेन, लायसन्सचा एक रुपया नाही. मारियाडीबी हा दुसरा फुकटातला डेटाबेसही चालेल. एसक्यूलाइट हा एकाच फाइलमधला डेटाबेस मात्र नको, त्यात एकावेळी एकालाच लिहिता येतं आणि फाइल शेअर्ड फोल्डरवर ठेवली की लॉकिंगची, म्हणजे एकाचवेळी दोघांनी लिहू नये म्हणून फाइलला लागणाऱ्या कुलपाची, बोंब होते.

वाचलेल्या पैशातून यूपीएस घ्या, आणि बॅकअपची एक कॉपी वर्कशॉपबाहेर ठेवा.