आधी वजन कमी करते, मग कपडे घेते

“मॅडम, दुकानात माझ्या मापाचं काही मिळतच नाही. थोडं वजन उतरू दे, मग जाईन खरेदीला. तोवर आहेत ते कपडे चालवते. बरोबर आहे ना?”

माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या, पण वजन हा विषय घेऊन न आलेल्या बायकाही बोलता बोलता हा प्रश्न विचारतात. कॉलेजात जाणाऱ्या मुली विचारतात आणि नातवंडं असलेल्या बायकाही विचारतात. रेवती (नाव आणि तपशील बदलले आहेत) आली होती झोप लागत नाही म्हणून. वय 33, पुण्यात नोकरी, धाकट्या भावाचं लग्न महिन्यावर आलेलं. बोलताना कळलं, की हळदीला जायचं नाही असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. आजारी असल्याचं सांगणार होती.

कारण विचारलं तर आधी रडली. मग दुकानातला प्रसंग सांगितला. आईबरोबर हळदीसाठी पिवळा कुर्ता घ्यायला गेली होती. रॅकवर एक्सएलपर्यंतच माल. तिने विचारलं, तर विक्रेती तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, “तुमच्या साईजमध्ये नाही येणार मॅडम. पर्स बघा ना, तिकडे छान आल्यात.” रेवतीने तरी हट्टाने एक एक्सएल घालून बघितला. मुंढ्यात दंड अडकला. कुर्ता ना वर सरके ना खाली. दोन्ही हात डोक्यावर, कपडा तोंडावर, आणि पडद्याबाहेरून आवाज, “मॅडम, शिवण उसवू देऊ नका हं!” शेवटी आईने आत येऊन कुर्ता ओढून काढला आणि तिथेच म्हणाली, “तरी मी कधीपासून सांगतेय तुला.”

विक्रेतीचं बोलणं तिला लागलं होतंच. पण झोप उडवली होती ती आईच्या या वाक्याने. त्या दिवसापासून तिने रात्रीचं जेवण सोडलं होतं, आणि मध्यरात्री उठून फरसाणाचा डबा संपवत होती. मग सकाळी स्वतःची घृणा, आणि पुन्हा उपास.

अशा वेळी मी वजनाबद्दल बोलायला सुरुवात करत नाही. आधी हे विचारते, की त्या दुकानात नक्की चूक कोणाची होती? रेवतीचं उत्तर तयार होतं, “माझीच.” हे उत्तर हलवल्याशिवाय पुढचं काही होत नाही, असं माझं ठाम मत आहे. म्हणून तिला एक काम दिलं. कपाटातले ‘एल’ आणि ‘एक्सएल’ लिहिलेले सगळे कुर्ते काढायचे, पलंगावर सपाट पसरायचे आणि इंची टेपने छातीचा घेर मोजून वहीत लिहायचा. पुढच्या वेळी ती वही उघडूनच आत आली. गळ्यामागे ‘एल’ लिहिलेले दोन कुर्ते होते, एकाची छाती 40 इंच, दुसऱ्याची 43. “मग मी एल आहे की नाही?” तिने विचारलं. त्या प्रश्नात पहिल्यांदाच राग होता, आणि तो राग मला हवा होता.

तेव्हा तिला मापांची गोष्ट सांगितली. अमेरिकेत 1939-40 मध्ये तयार कपड्यांसाठी सुमारे 15,000 स्त्रियांची मापं घेतली गेली. त्यात गोऱ्या नसलेल्या स्त्रियांची मापं अंतिम हिशेबात धरलीच नाहीत. त्यावर आधारलेलं साईजचं सरकारी प्रमाण (स्टँडर्ड) 1958 मध्ये आलं आणि 1983 मध्ये सरकारने ते काढूनही टाकलं. आपल्याकडचे बरेच ब्रँड वर्षानुवर्षं परदेशी तक्त्यांत थोडा फेरफार करून काम भागवत आले. भारतीय शरीरांची मापं मिळावीत म्हणून निफ्ट या फॅशनचं शिक्षण देणाऱ्या सरकारी संस्थेने ‘इंडियासाइझ’ प्रकल्प हाती घेतला, 15 ते 65 वयाच्या सुमारे 25,000 लोकांची थ्री-डी स्कॅनरने मोजणी करण्यासाठी. शिवाय कारखान्यात मधल्या साईजचा एक पॅटर्न, म्हणजे कापड बेतायचा नमुना, करतात आणि त्यात ठरावीक इंच वाढवत मोठे साईज काढतात. माणसाचं अंग असं सगळीकडून सारखं वाढत नाही. एकीचा दंड भरतो, दुसरीची सीट. मोठ्या साईजसाठी पॅटर्न वेगळा आखावा लागतो. त्याला खर्च येतो, म्हणून तो टाळतात, आणि ट्रायल रूममध्ये लाज वाटते ती मात्र बाईला.

हा भेदभावच आहे आणि त्याला तसंच म्हणायला हवं. अमेरिकेतल्या मिशिगन राज्याने 1976 च्या कायद्यात वजनावरून भेदभावाला मनाई केली, न्यूयॉर्क शहराने 2023 मध्ये. आपल्याकडे नाव घेऊन असं सांगणारा कायदा नाही.

एकदा आईंनाही बोलावलं. त्या तडक म्हणाल्या, “तिच्या भल्याचंच सांगते ना मी? शुगर आहे आमच्या घराण्यात.” त्यांची काळजी खोटी नव्हती. मी त्यांना सांगितलं, “काकू, शुगरची तपासणी आपण करून घेऊच. पण टोचून बोलल्याने वजन उतरत नाही. टोचल्यावर ती रात्री डबा उघडते.” 2020 मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी एकत्रित निवेदन काढलं होतं. वजनावरून हिणवल्याने शरीराला आणि मनाला इजा होते, आणि वजन हे निव्वळ कमी खाण्यावर व व्यायामावर अवलंबून असतं ही समजूत शास्त्राला धरून नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. काकूंना ते सगळं पटलं असं नाही. दुकानात आणि चारचौघांत बोलणार नाही, एवढं त्यांनी कबूल केलं. माझ्या मते तेवढंही पुष्कळ होतं.

रेवतीने रात्रीचं जेवण पुन्हा सुरू केलं. थायरॉइडची आणि शुगरची तपासणी केली. हळदीचा कुर्ता तिने कापड घेऊन शिंप्याकडे शिवला, मुंढा सैल, आत दीड इंच कपडा सोडून. आणि मग मी सुचवलं म्हणून पुन्हा एकदा दुकानात गेली, दुसऱ्या. या वेळी मैत्रीण बरोबर होती आणि मापांची चिठ्ठी हातात. आत शिरताच विचारलं, “छाती 46, दंड 16. यात काय आहे ते दाखवा.” नव्हतं काही. तिने तिथल्या मॅनेजरना सांगितलं, की आम्ही पैसे घेऊन आलो आणि रिकाम्या हाताने चाललोय, हे वर कळवा. बाहेर पडून दोघींनी चहा घेतला. छातीत धडधडलं होतं, म्हणाली, पण रडू आलं नाही.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाला माझं उत्तर, नाही, बरोबर नाही. आजच्या मापाचे दोन तरी नीट बसणारे कपडे आजच शिवा किंवा घ्या. काचणारा कपडा दिवसभर अंगावर असला की दिवसभर तोच विचार डोक्यात राहतो. वजनाचं काय करायचं ते डॉक्टरांशी बोलून ठरवा, त्याचा कपाटाशी संबंध जोडू नका. लग्न, मुलाखत, सहल यातलं काहीही वजन उतरेपर्यंत पुढे ढकलू नका.

आणि जेवण सोडणं, मग एकदम खूप खाणं, खाल्लेलं उलटून काढणं, आरशासमोर जायची भीती असं काही चालू असेल, तर वाट बघू नका. जवळचा समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. ते शक्य नसेल तर 14416 ही सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे. फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येतं.