ती आसावरी होती, ही आई आहे

ताई,
मी सांगलीची, वय 47. यजमान कुपवाडच्या एमआयडीसीत कारखान्यात होते, आठ वर्षांपूर्वी गेले. मी एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. घरात मी आणि सासूबाई, लेक नोकरीला पुण्यात. ‘अग्गंबाई सासूबाई’ लागायची तेव्हा आम्ही तिघी रोज साडेआठला ताटं घेऊन टीव्हीसमोर बसायचो. त्यातल्या विधवा सासूचं, आसावरीचं, दुसरं लग्न लागलं त्या दिवशी लेक हुंदके देऊन रडली. सासूबाई म्हणाल्या, “बरं झालं गं बाई, किती दिवस एकटीनं ओढायचं तिनं!”
आता माझ्या आयुष्यात एक सर आलेत. गणिताचे क्लास घेतात, वय 55. पत्नी पाच वर्षांपूर्वी गेल्या, मुलगा बेंगळुरूला असतो. हरिपूरच्या रस्त्याला सकाळी फिरायला जाताना ओळख झाली. त्यांनी लग्नाचं विचारलं. लेकीला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, “आई, प्लीज, ती सीरियल होती.” तेव्हापासून तीन आठवडे फोनवर फक्त ‘हो’, ‘नाही’, ‘जेवले’. जाऊबाईंना सुगावा लागलाय. त्या म्हणतात, टीव्हीवर ठीक असतं, आपल्यात चालत नाही. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. लेकीचं लग्न होईपर्यंत थांबू, की विचारच सोडून देऊ?
– एक आई, सांगली

तू मला ताई म्हणालीस, म्हणून एकेरीतच लिहिते.

लेकीचं ते वाक्य तुला किती लागलं असेल ते समजतं मला. जी पोर आसावरीसाठी रडली, तीच आईच्या बाबतीत दगड कशी झाली, हे कोडं तुझ्या पत्रभर आहे. मला ते कोडं वाटत नाही. मालिकेत आसावरीचा नवरा आपल्यासाठी भिंतीवरचा एक फोटो होता. त्याचा आवाज आपण कधी ऐकला नव्हता, त्याच्या स्कूटरवर पुढे उभं राहून आपण शाळेत गेलो नव्हतो. त्यामुळे तिचा दुसरा नवरा, अभिजित राजे, घरात आला तेव्हा आपल्यापैकी कुणाचंच काही गेलं नाही. तुझ्या भिंतीवर जो फोटो आहे, तो तुझ्या लेकीचा बाबा आहे. ती तुझ्यावर नाराज आहेच, पण त्याहून जास्त ती घाबरली आहे, की आता बाबांची आठवण काढणारी आपण एकटीच उरणार.

म्हणून एक कर. तिच्याशी बोलताना मालिकेचं नाव काढू नकोस. “तेव्हा तर रडली होतीस” हे वाक्य तुझ्या ओठांवर येईल, कारण ते खरं आहे. तरी गिळून टाक. त्यानं तू जिंकशील आणि ती आणखी दूर जाईल.

आता त्या मालिकेबद्दल. 2019 च्या जुलैमध्ये ती सुरू झाली आणि 2021 च्या मार्चमध्ये संपली. त्या काळात मला बायकांची खूप पत्रं आली. तिच्यावर नाराज असणारेही होतेच. आसावरी फारच सोसते, त्या बबड्याला, म्हणजे मुलाला, एक ठेवून का देत नाही, असं कितीतरी जणींनी लिहिलं होतं. लग्नानंतर गोष्ट ताणली, असंही पुष्कळांचं म्हणणं होतं आणि मलाही तसंच वाटायचं. पण साठीच्या पुढच्या बायकांची पत्रं वेगळी होती. त्यांना प्रेमाच्या प्रसंगांचं फारसं काही नव्हतं. दिवसभर घरातल्या प्रत्येकाच्या ताटाकडे बघणाऱ्या बाईच्या ताटाकडे कुणीतरी बघतंय, एवढंच त्यांना पुन्हा पुन्हा बघावंसं वाटायचं. एकीनं लिहिलं होतं, की आसावरी झालेली निवेदिता सराफ त्यात नुसती लाजून खाली बघते ना, तेव्हा मी स्वयंपाकघरात निघून जाते, कारण सुनेसमोर रडू येतं. ते पत्र मी अजून जपून ठेवलं आहे.

तुझ्या सासूबाई त्या बायकांपैकी असाव्यात. त्यांचं वाक्य परत वाच. “किती दिवस एकटीनं ओढायचं तिनं.” हे फक्त आसावरीला उद्देशून होतं, असं मला वाटत नाही. शेजारी ताट घेऊन बसलेली तू त्यांना दिसत होतीस. मी चुकतही असेन. त्यांनी पोटचा मुलगा गमावला आहे, ऐकल्यावर पहिले काही दिवस त्या तुझ्याशी बोलणारही नाहीत कदाचित. पण जाऊबाईंकडून त्यांना कळलं, तर ते तुला कधीच भरून काढता येणार नाही. त्यांना तूच सांग, आणि लवकर सांग.

मालिकेत एक गोष्ट फार सोपी होती, तीही बोलून टाकते. तिथे पुढाकार सुनेनं घेतला. शुभ्रानं सासूसाठी घर अंगावर घेतलं, म्हणून आसावरीला स्वतःच्या तोंडानं “मला हवंय” असं म्हणायची वेळ फार उशिरा आली. आपण बायकांनी ते बघून मनात धरलं, की आपल्यासाठीही असं कुणीतरी बोलेल. तू लेकीला शुभ्रा समजून फोन केलास. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीवर ते ओझं नको. तिला “चालेल का तुला?” असं विचारू नकोस. तिनं हो म्हटलं तर बाबांना सोडल्यासारखं तिला वाटेल, नाही म्हटलं तर आईचं आयुष्य अडवल्यासारखं.

पुण्याला जा. फोनवर हा विषय पुन्हा काढू नकोस, आणि सरांना बरोबर नेऊ नकोस. आधी तिच्या बाबांबद्दल बोल. त्यांच्या शेवटच्या दिवसांबद्दल तुम्ही दोघी कधी धड बोललाच नसाल, बहुतेक घरांत बोलत नाहीत. मग काय बदलणार नाही ते सांग. फोटो कुठे राहील, पितृपक्षातली तिथी कोण करेल, दिवाळीला ती कुठल्या घरी येईल. तिला हे लहानसहान वाटणार नाही, याचीच तिला धास्ती आहे. आणि शेवटी सांग, की मी हा विचार करते आहे आणि तो तुला माझ्याकडूनच कळावा म्हणून आले. तिनं रडून घेतलं, भांडली, तरी रात्री तिथेच राहा.

थांबायचं का, याचं उत्तर: महिने थांब, वर्षं नको. ‘लेकीचं लग्न होऊ दे’ हे मी इतक्या जणींकडून ऐकलं आहे! मग लग्न होतं, मग तिचं पहिलं बाळंतपण, मग नातवंडांना कोण सांभाळणार, मग सासूबाईंचं आजारपण. यातलं एकही कारण खोटं नसतं, म्हणून तर माणूस त्यात अडकतो. आणि आईच्या लग्नामुळे मोडेल असं स्थळ तुझ्या लेकीला हवंय का, याचाही विचार कर.

जाऊबाई म्हणतात “आपल्यात चालत नाही”, त्यामागे पुष्कळदा घराचा प्रश्न असतो. बाईनं दुसरं लग्न केलं की पहिल्या घरावरचा हक्क गेला, ही समजूत अजून घट्ट आहे. ती आली कुठून? 1856 च्या विधवा पुनर्विवाहाच्या कायद्यानं लग्नाला परवानगी दिली, पण नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क त्याच कायद्यानं काढून घेतला होता. तो कायदा आज नाही. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, तुझ्या यजमानांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर त्यांच्या नावावरच्या मिळकतीत तू, लेक आणि सासूबाई अशा तिघींचे सारखे हिस्से. तुझ्या वाट्याला आलेला हिस्सा तू लग्न केलंस म्हणून जात नाही. मात्र घर सासऱ्यांच्या किंवा सासूबाईंच्या नावावर असेल तर गणित वेगळं, तेव्हा उताऱ्यावर कुणाचं नाव आहे ते आधी बघ.

पेन्शनचं मात्र नीट ऐक. यजमान कारखान्यात होते म्हणजे तुला ईपीएस 1995, म्हणजे पीएफच्या कर्मचारी पेन्शन योजनेखालची विधवा पेन्शन येत असावी. ती पुनर्विवाहापर्यंतच मिळते. लग्न झालं की बंद होते, आणि ते कळवणं तुझी जबाबदारी. रक्कम लहान असेल, पण तिच्यावर सासूबाईंची औषधं चालत असतील तर ते पैसे कुठून येणार, हे तू आणि सरांनी वहीत लिहून ठरवा. या अशाच कारणांनी कितीतरी प्रौढ जोडपी लग्न न करता एकत्र राहतात. पुण्यात माधव दामले यांनी ज्येष्ठांच्या अशा सहजीवनासाठी मंडळच काढलं. तुझ्या पत्राच्या सुरावरून तुला लग्नच हवं आहे, असं दिसतं. तसं असेल तर पेन्शन गेल्याचा हिशोब आजच करून टाक.

रजिस्टर लग्न करणार असाल तर आणखी एक. 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली आधी नोटीस द्यावी लागते, 30 दिवस जावे लागतात आणि ती नोटीस कार्यालयात लावली जाते. सांगलीसारख्या गावात ती कुणीतरी वाचणारच. म्हणून अर्ज करायच्या आधी घरातल्या प्रत्येकाला सांगून झालेलं असलं पाहिजे.

आता सरांबद्दल. तुझ्या पत्रात ते कसे बोलतात, चालताना तुझ्या पावलाशी पाऊल कसं जुळवतात, हे सगळं सुंदर लिहिलं आहेस. ते भाग मी इथे छापले नाहीत, ते तुझेच राहू देत. पण त्यांच्या मुलाचं काय म्हणणं आहे, याबद्दल एक अक्षर नाही. त्यांनी त्याला सांगितलं आहे का? तू तीन आठवडे लेकीचा अबोला सोसते आहेस, आणि त्यांनी अजून बेंगळुरूला फोनही केला नसेल, तर ते बरोबर नाही.  सरांच्या घरातही एका बाईनं लावलेले डबे अजून त्याच फळीवर असतील. लग्नानंतर कुठे राहायचं? सासूबाई एकट्या राहणार की तुमच्याबरोबर? “बघू पुढचं पुढे” असं उत्तर आलं तर ते स्वीकारू नकोस. सासूबाईंचा प्रश्न त्यांना स्वतःचा वाटतो का, हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. ते कळेपर्यंत हो म्हणू नकोस.

आणि विचार सोडून देऊ का, असं विचारलंस. का सोडायचा? तू कुणाचं काही हिसकावून घेत नाहीस. 47 वर्षांच्या बाईला सकाळी कुणाबरोबर तरी चालत जावंसं वाटतं, यात लपवण्यासारखं काय आहे?

आधी सरांशी बोल, मग सासूबाईंशी, मग पुण्याची गाडी धर. परत आलीस की मला लिही. सासूबाई काय म्हणाल्या तेही कळव, मी त्या पत्राची वाट बघते आहे.