शृंगारिक प्रेमकादंबऱ्यांमध्ये तुम्हाला नेमकं काय आवडतं आणि काय अजिबात चालत नाही? (लाज वाटत नसेल तरच सांगा.)

लाज वाटायचं वय गेलं, त्यामुळे सांगते. मला कादंबरीतल्या घरात माणसं लागतात. नायक-नायिका सोडून इतर माणसं. सासू, दीर, मोलकरीण, खोकणारे काका, कोणीही.

मी डोंबिवलीत वाढले. कॉलेजात असताना स्टेशनजवळच्या एका लायब्ररीतून मिल्स अँड बूनच्या इंग्रजी प्रेमकादंबऱ्या आणायचे. पुढच्या फळीवर दिवाळी अंक आणि रहस्यकथा असायच्या, ही पुस्तकं मागच्या खोक्यात. लायब्ररीवाले काका वहीत पुस्तकाचं नाव न लिहिता नुसतं 'इंग्रजी, एक' एवढंच लिहायचे. त्यांचे उपकार मी विसरलेली नाही. वर्तमानपत्राचं कव्हर घालून लोकलमध्ये वाचायचं, उतरताना डब्याच्या पिशवीत तळाशी. आता फोनवर वाचते. शेजारची बाई डोकावलीच तर अक्षरं बारीक करते.

मिल्स अँड बून ही १९०८ साली लंडनमध्ये सुरू झालेली कंपनी. तिच्या पुस्तकांच्या मालिका असतात आणि कुठल्या मालिकेत किती 'उघडं' मिळणार ते साधारण ठरलेलं असतं. काहींत चुंबनानंतर दिवा मालवतो. काहींत तो चालू राहतो, आणि मग नायक बहुधा ग्रीक किंवा इटालियन अब्जाधीश असतो. हे अब्जाधीश मी पोतंभर वाचले आणि एक दिवस विटले. या माणसाकडे बेट आहे, विमान आहे, चाळीस खोल्यांचा बंगला आहे, नोकर हाक मारल्याशिवाय येत नाहीत. मग अडलंय कुठे? दोघांना भेटायला कसलीच आडकाठी नसली की लेखिकेला गैरसमज पेरावे लागतात. दीडशे पानं तो गैरसमज चालतो, जो एका फोनवर मिटला असता.

नंतर रीजन्सी काळाचा नाद लागला, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचं इंग्लंड. तिथे प्रत्येक दुसरा नायक ड्यूक, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचा उमराव. त्या काळी तिथे खरे ड्यूक जेमतेम पंचवीस-तीस असतील, आणि त्यातले बरेच म्हातारे. कादंबऱ्यांत मात्र तरणेताठे, खांदे रुंद असलेले, शेकड्यांनी. चालायचंच. पण या कादंबऱ्यांमध्ये मला माझा प्रकार सापडला: सोयीसाठी केलेलं लग्न. कर्जापायी किंवा वारसाहक्कासाठी दोन अनोळखी माणसं लग्न करतात आणि ओळख नंतर होत जाते. इंग्रजी वाचकांना ही कल्पनेची भरारी वाटत असेल. आपल्याकडे त्याला कांदेपोहे म्हणतात.

माझंही तसंच झालं. दोनदा भेटून लग्न. वन रूम किचन. सासू-सासरे बाहेरच्या खोलीत, आम्ही स्वयंपाकघरात, ओट्याखाली गादी. मधल्या दाराची कडी अशी करकरायची की खालच्या मजल्यावर कळावं. तीन आठवडे आम्ही ती लावलीच नाही. मग एका रविवारी दुपारी सगळे झोपलेले असताना नवऱ्याने शिवणयंत्राच्या तेलाची कुपी काढली आणि कडीत चार थेंब सोडले. काही बोलला नाही. माझ्याकडे बघितलंही नाही, कुपी जागेवर ठेवली आणि पेपर वाचत बसला. त्या दुपारपासून रात्र होईपर्यंत माझं जे झालं, तसं मला कुठल्याही ड्यूकने केलेलं नाही.

तर मी पुस्तकात ते तेल शोधते. शरीराचं वर्णन सविस्तर असलं तरी हरकत नाही, उलट असावंच. दाराशी नेऊन सोडणाऱ्या कादंबऱ्यांचा मला राग येतो. पण माझी एक कसोटी आहे. तो प्रसंग मी गाळून पुढे गेले आणि काहीच चुकलं नाही, तर पुस्तक परत. प्रसंगाआधी ती दोघं जशी बोलत होती तशीच सकाळी बोलत असतील, तर रात्री नक्की झालं काय?

हे माझं खूळ फार जुनं आहे हे पुढे गाथासप्तशती वाचताना कळलं. सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेला, महाराष्ट्री प्राकृतातला सातशे गाथांचा संग्रह. म्हणजे आपल्या मराठीच्या आजीची भाषा. त्यातली एक गाथा प्रसिद्ध आहे. वाटसरू रात्री मुक्कामाला आलाय. घरातली तरुण बाई त्याला म्हणते, सासूबाई इथे झोपतात, मी इथे. उजेड आहे तोवर नीट बघून ठेव, रात्री दिसेनासं झालं की माझ्या अंथरुणावर पडशील हो! काश्मीरच्या आनंदवर्धन या काव्यशास्त्रज्ञाने नवव्या शतकात ध्वनी, म्हणजे शब्दांत न सांगता सुचवलेला अर्थ, समजावून सांगताना हीच गाथा घेतली, कारण बोलण्यात नकार आहे आणि अर्थामध्ये आमंत्रण. मला मात्र त्यात सासूच सगळ्यात महत्त्वाची वाटते. ती काढा, गाथा संपली.

आता न चालणारं. जबरदस्ती. १९७२ साली कॅथलीन वुडिविस यांच्या 'द फ्लेम अँड द फ्लॉवर'ने अमेरिकन प्रेमकादंबरीत शय्यागृहाचं दार सताड उघडलं असं म्हणतात, आणि ते खरंही आहे. पण त्यात नायक सुरुवातीलाच नायिकेवर बळजबरी करतो आणि आपण पुढे त्याच्या प्रेमात पडावं अशी अपेक्षा असते. पुढची कित्येक वर्षं त्या साच्याच्या कादंबऱ्या निघाल्या. त्या काळी बाईने स्वतःहून हवं म्हणणं शोभत नसे, म्हणून ही पळवाट होती, असं त्याचं समर्थन मी वाचलंय. पटतंही थोडं. तरी वाचवत नाही. वरच्या गाथेतली बाई त्यांच्या कितीतरी शतकं आधी स्वतःच जागा दाखवून मोकळी झाली होती.

मराठीत का वाचत नाही, असंही कोणी विचारेल. वाचलं असतं हो. लेखक चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा' या कथेवर, १९६२ च्या 'रंभा'च्या दिवाळी अंकातल्या, अश्लीलतेचा खटला झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६९ साली ते सुटले. निकालानंतर कुतूहलाने वाचणाऱ्यांची निराशाच झाली असेल, इतकं ते साधं आहे. अडचण कोर्टाची नाहीच मुळी, शब्दांची आहे. अवयवाचं नाव घ्यायचं तर एक शब्द संस्कृत श्लोकातला आणि दुसरा रिक्षा स्टँडवरचा. मधला, दोन माणसं उशीवर वापरतील असा, छापलेला दिसत नाही. लावणीने वाट काढली होती, पण ती फडावर उभी राहून, हजार माणसांसमोर. उशीवरचं बोलणं तिचं काम नव्हे.

आणि तरी एक गोष्ट आपल्याकडे आहे जी इंग्रजी लेखिकांना जन्मात जमायची नाही. त्यांची नायिका ड्यूकला मानाने म्हणायच्या 'युअर ग्रेस'वरून त्याच्या पाळण्यातल्या नावावर येते तेव्हा मी पान दोनदा वाचते. आपल्याकडे 'अहो'वरून 'अरे' आहे. दिवसभर सासूसमोर 'अहो, चहा ठेवलाय', आणि रात्री कडी लागल्यावर पहिल्यांदा, चुकून की मुद्दाम ते तिलाही माहीत नसताना, 'अरे'. त्यावर तो काय करतो, ते कोणीतरी मराठीत नीट, न लाजता, दहा पानं लिहावं. पुस्तक विकत घेईन. कव्हरही घालणार नाही.