एकही मोठी ट्रॉफी न जिंकता एकाच क्लबात राहिलेल्या फुटबॉलपटूला महान म्हणायचं का?

म्हणायचं. मॅट ले टिसिएला तर नक्कीच.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडं शाहू स्टेडियमवर पोरगा कुठल्या पेठेचा, कुठल्या तालमीचा (आमच्याकडं फुटबॉलचे संघ तालमींचेच) हे आधी विचारतात, कसा खेळतो ते नंतर. तालीम बदलली की चहाच्या गाडीवर वर्षभर टोमणे ऐकायची तयारी ठेवायची. म्हणून हा माणूस मला घरातला वाटतो.

ले टिसिए ग्वेर्नसी या छोट्या बेटावरचा. १९८६ ते २००२ इंग्लंडच्या साउदॅम्प्टन क्लबाकडून ५४० सामने, २०९ गोल, तेही मिडफिल्डमधून, म्हणजे मधल्या फळीतून. प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च लीगमध्ये, शंभर गोल करणारा पहिला मिडफिल्डर तोच. पेनल्टी ४८ मारल्या, ४७ आत. चुकली ती एकच, १९९३ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या मार्क क्रॉसलीनं अडवली.

साउदॅम्प्टन म्हणजे दरवर्षी खालच्या डिव्हिजनमध्ये घसरायची धास्ती. १९९३-९४ ला तर ते एका गुणानं वाचले. त्या मोसमात लीगमध्ये यानं २५ गोल केले होते, शेवटच्या दिवशी वेस्ट हॅमशी ३-३ बरोबरी झाली त्यातले दोन याचेच. ट्रॉफीच्या कपाटात असलं काही ठेवता येत नाही.

त्याच मोसमातला न्यूकॅसलविरुद्धचा गोल शोधून बघा. बॉल जरा मागं पडलेला, तो पळता पळता टाचेनं पुढं घेतला, एका डिफेंडरला बाजूनं चकवलं, दुसऱ्याच्या डोक्यावरून उचलला आणि आरामात कोपऱ्यात. गल्लीतल्या एका काकांना मोबाइलवर दाखवला. आधी म्हणाले, "हा पळत का नाही रे?" तीनदा बघितल्यावर म्हणाले, "कशाला पळंल!"

काकांचा पहिला प्रश्न चुकीचा नव्हता. गडी आळशीच होता. टॉटनहॅम, चेल्सी मागं लागले तरी गेला नाही, त्याला सगळेजण निष्ठा म्हणतात. मला वाटतं, त्यात आरामही होता. इथं अख्खी टीम याच्या पायात बॉल द्यायला धावायची. मोठ्या क्लबात ह्यालाच धावावं लागलं असतं. किंमतही मोजली: इंग्लंडकडून सामने फक्त आठ. पण सुखानं राहिला म्हणून निष्ठा खोटी ठरत नाही. आमच्यातही पेठ न सोडणारे सगळे काही त्यागी नसतात, त्यांना तिथंच करमतं.

साउदॅम्प्टनचं जुनं मैदान, द डेल, जेमतेम १५ हजारांचं. १९ मे २००१ ला तिथला शेवटचा लीग सामना, समोर आर्सेनल, स्कोअर २-२. दुखापतींनी बेजार झालेला ले टिसिए बदली खेळाडू म्हणून उतरला. ८९ व्या मिनिटाला बॉल समोर आला, गर्रकन वळून डाव्या पायानं वरच्या जाळ्यात. त्या अख्ख्या मोसमात लीगमधला त्याचा तो एकच गोल.