पीटमधली मुळं, परवाने आणि पौंड

मंजिरी, तुझी मेल वाचली. इंग्लंडमधली दोन वर्षांची पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरची संशोधनाची नोकरी), विषय बोर्निओच्या पीट दलदलीतली, म्हणजे अर्धवट कुजलेल्या पाल्याच्या थरातली मुळं; बडोद्याला एम.एस. विद्यापीठात शेताच्या मातीवर पीएच.डी. केलेल्या मुलीनं ती घ्यावी का, आणि काकांना खर्चाचं काय सांगावं, एवढंच ना? घे. फक्त लॅबच्या नावावर भाळून घेऊ नकोस.

या कामात सगळ्यात जास्त वेळ मुळं निवडण्यात जातो. तिथं पाणी वरपर्यंत भरलेलं, खाली हवा नाही, म्हणून पडलेला पाला आणि मेलेली मुळं पूर्ण कुजतच नाहीत. थर साचत जातो, काही ठिकाणी १० मीटरपेक्षाही जाड. म्हणजे पीट बरंचसं मुळांचंच, आणि त्यातून जिवंत मूळ तेवढं काढायचं. चाळणीवर धुवायचं, पांढऱ्या ट्रेमध्ये पाण्यात पसरायचं, चिमट्यानं एकेक उचलायचं. जिवंत मूळ सहसा फिकट आणि चिवट, वाकवलं तर वाकतं. मेलेलं काळपट, दाबलं की साल सुटून येते. गहू निवडायला बसलेल्या आजीचा धीर लागतो. तो तुझ्यात आहे, म्हणून म्हणते घे.

प्रश्नही तोलामोलाचा आहे. १९९६ मध्ये मध्य कालिमंतानात, म्हणजे बोर्निओच्या इंडोनेशियातल्या भागात, भातशेतीसाठी सुमारे १० लाख हेक्टरांचा सरकारी प्रकल्प निघाला. कालवे खणले, पाणी उतरलं आणि १९९७ च्या एल निनोच्या दुष्काळात वाळलेलं पीट पेटलं. आता कालव्यांवर बांध घालून पाणी पुन्हा वर आणतात. त्यानंतर झाडं जमिनीखाली किती कार्बन घालतात आणि खोडांवाटे किती मिथेन सोडतात, हे मुळांकडे बघितल्याशिवाय कळायचं नाही.

मुलाखतीत मात्र तूच विचार: इंडोनेशियाचा संशोधन परवाना कुणाच्या नावावर, तिथली भागीदार संस्था ठरली आहे का, नमुने देशाबाहेर न्यायचा करार झाला आहे का. इंग्लंडमध्ये माती आणायलाही वेगळा परवाना लागतो. यावर ‘बघू’ असं उत्तर आलं तर पहिलं वर्ष कागदांत गेलं म्हणून समज. त्यापेक्षा मुळं तिथल्याच प्रयोगशाळेत धुणारा गट कधीही बरा. तिथल्या विद्यार्थ्यांचं नावही शोधनिबंधावर येतं.

जेवणाची काळजी नको, सोयाबीनच्या टेम्पे-टोफूवर शाकाहारी माणसाचं छान निभतं. सांबलमध्ये, म्हणजे तिथल्या मिरचीच्या चटणीत, तेरासी आहे का तेवढं विचार, ती कोळंबीची असते.

काकांना सांग, पगार पुरतो, पण सुरुवातीचा खर्च अंगावर येतो. व्हिसाच्या फीशिवाय तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आरोग्य अधिभार माणशी वर्षाला १,०३५ पौंड, आणि तो पूर्ण मुदतीचा आधीच भरावा लागतो. निखिल सोबत येणार असेल तर त्याचाही. काही विद्यापीठं तुझा भाग देतात, पण जोडीदाराचा देतीलच असं नाही. व्हिसासाठी लागणारी टीबीची तपासणी अहमदाबादला होते. प्रमाणपत्र सहा महिनेच चालतं, तेव्हा फार आधी करू नकोस. ऑफर लेटर आलं की सही करायच्या आत मला पाठव, अधिभार कोण भरणार ती ओळ आधी शोधू.