पोचपावतीवर सही आहे म्हणजे पोचलं असं नसतं

अनेक आशीर्वाद.

तुझा मेल दोनदा वाचला. बांधकामाच्या साईटवर प्रोसिजर, म्हणजे कामाची लेखी पद्धत, राबवायचं काम तुझ्याकडे आलंय आणि सगळे तुला 'कागदवाले' म्हणतात, त्याचा त्रास होतोय असं लिहिलंस. मनाला लावून घेऊ नकोस, पण लोक असं का म्हणतात ते मात्र समजून घे, कारण खूप ठिकाणी प्रोसिजर फाईलमध्ये राहते, काम बाहेर भलत्याच पद्धतीने चालतं आणि तपासायला आलेला माणूस फाईल बघून परत जातो.

माझ्या हातून काय झालं ते सांगते. नोकरीचं तिसरं वर्ष, ड्रॉइंग कंट्रोल, म्हणजे चालू ड्रॉइंग साईटला पोचवायचं आणि त्याची नोंद ठेवायचं काम, माझ्याकडे. एका स्लॅबमधला डक्टचा कटआउट, म्हणजे डक्ट जाण्यासाठी सोडायची मोकळी जागा, 600 मिमी सरकवला होता, रिव्हिजन सी, म्हणजे ड्रॉइंगची नवी सुधारित प्रत, आली, मी त्याच दिवशी ती साईटला पाठवली, पोचपावतीवर सही आली, रजिस्टरला नोंद केली आणि माझ्यापुरता विषय संपला. स्लॅब भरला तेव्हा कळलं की कटआउट जुन्याच जागी आहे. धावत गेले तर रिव्हिजन सी कपाटावर गुंडाळी करून ठेवलेली, रबर बँडसुद्धा काढलेला नव्हता, सही स्टोअरकीपरने केलेली. आणि फोरमनच्या खिशात घड्या पडून मऊ झालेली रिव्हिजन बी, कडेला पेन्सिलने त्याची आकडेमोड. तो बिचारा त्याच्याकडे होतं त्याप्रमाणे अगदी बरोबर काम करत होता. मग स्लॅब कापणं आलं, सळ्या तुटल्या, डिझायनरकडून मजबुतीकरण काढून घ्यावं लागलं. आणि रजिस्टर बघितलं असतंस तर एक चूक सापडली नसती.

त्यानंतर मी नियम केला, नवीन शीट देताना जुनी हातोहात परत घ्यायची, ऑफिसच्या कॉपीवर रद्दचा शिक्का मारायचा आणि आठवड्यातून एकदा मास्टर लिस्ट, म्हणजे कोणत्या ड्रॉइंगची कोणती रिव्हिजन चालू आहे त्याची यादी, घेऊन खाली जायचं, जे काम करतायत त्यांना सांगायचं की तुमच्या हातातलं ड्रॉइंग दाखवा. अर्धा तास लागतो, पण ऑफिसमध्ये बसून कधीच कळलं नसतं ते कळतं.

शॉप ड्रॉइंगच्या, म्हणजे प्रत्यक्ष भाग बनवणारा काढतो त्या तपशीलवार ड्रॉइंगच्या, मंजुरीवर मी एवढी का अडून बसते असं विचारलंस ना. 17 जुलै 1981, अमेरिकेतलं कॅन्सस सिटी, हयात रीजन्सी हॉटेल. लॉबीतले दुसऱ्या आणि चौथ्या मजल्याचे टांगते पूल मूळ डिझाइनमध्ये सलग रॉडवर होते, बनवायला सोपं जावं म्हणून एका रॉडचे दोन केले, त्यामुळे खालचा पूल वरच्या पुलालाच लटकला आणि वरच्या जोडावर दुप्पट भार आला. शॉप ड्रॉइंगवर इंजिनिअरांचा शिक्का होता, पण तो बदललेला जोड कोणी गणित करून तपासलाच नाही. 114 माणसं गेली. शिक्का मारताना मला अजून हे आठवतं.

आता तुझ्या साईटचा पोर परमिट, म्हणजे काँक्रीट ओतायची लेखी परवानगी. पाच सह्या लागतात आणि लोक काँक्रीट झाल्यावर मागची तारीख टाकून फॉर्म भरतात म्हणतोस, आणि आता दंड लावायचा विचार आहे. थांब जरा. आधी एक दिवस तो कागद हातात घेऊन सहीसाठी स्वतः फिर. आमच्याकडे असंच होतं, मी फिरले तेव्हा दिसलं की इलेक्ट्रिकलचा माणूस दोन साईट सांभाळतो, अकराच्या आधी येतच नाही आणि मिक्सर सातला दारात उभा. मग तपासणी आदल्या संध्याकाळी घेतली, ज्यांचं त्या पोरमध्ये काही जात नाही त्यांच्या सह्या काढून टाकल्या, आणि बॅकडेटिंग जवळजवळ आपोआप बंद झालं. त्यानंतरही जो करेल त्याला मात्र सोडायचं नाही, खोट्या तारखेचा एक कागद सापडला की बाकीच्या खऱ्या कागदांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

ट्रॅकरबद्दल, म्हणजे पाठपुराव्याच्या तक्त्याबद्दल, थोडंच. किती आरएफआय (डिझायनरकडे खुलासा मागणारी पत्रं) पाठवले हा आकडा मीटिंगमध्ये छान दिसतो, पण कोणता किती दिवस पडून आहे आणि आत्ता कोणाच्या टेबलावर आहे तेच विचारायचं. क्यूबचंही, म्हणजे मजबुती तपासायच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचंही, तसंच, 28 दिवसांचा रिझल्ट येईपर्यंत वर अजून स्लॅब पडलेला असू शकतो, म्हणून 7 दिवसांचा आकडा त्याच दिवशी कोण बघणार त्याचं नाव लिहून ठेव. तोंडी सूचना मिळाली की संध्याकाळच्या आत दोन ओळींचा मेल टाक. आणि कॉन्ट्रॅक्टमधल्या नोटिसांच्या मुदती कॅलेंडरला लाव, फिडिक या इंजिनिअरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 1999 च्या रेड बुकात, म्हणजे कॉन्ट्रॅक्टच्या तयार नमुन्यात, क्लेमची (जादा वेळ किंवा पैशांच्या मागणीची) नोटीस द्यायला 28 दिवस आहेत, ते हुकले की कारण कितीही खरं असो, हक्क जातो.

सोमवारी मास्टर लिस्ट घेऊन खाली जा आणि कोणाच्या हातात कोणती रिव्हिजन निघाली ते मला रात्री कळव, मी जागी असते.